विरजण कोष्टकात मावत नाही

उल्हासनगरच्या एका शाळेत नववीच्या वर्गात ताकाचा थेंब सूक्ष्मदर्शकाखाली दाखवून झाला होता. दुधाचे दही करणारे जिवाणू विरजणातून येतात, हेही सांगून झाले होते. तेवढ्यात एका सिंधी मुलीने विचारले, "बाई, आमच्या घरी गाजराचे पाण्यातले लोणचे करतात. त्यात विरजण घालत नाहीत. तरी ते चार दिवसांत आंबट होते. मग त्यातले जंतू कोण घालते?" बाईंनी "बघून सांगते" असे प्रामाणिकपणे सांगितले. घरी जाऊन त्यांनी पाठ पुन्हा वाचला, दहावीचे पुस्तकही चाळले. मुलीला सांगता येईल असे उत्तर त्यांना सापडले नाही. तो प्रश्न त्यांनी आमच्याकडे आणला आणि त्यातूनच हा लेख झाला.

अन्ननिर्मितीचे जीवशास्त्र आपण शाळेत कसे शिकवतो, ते येथे तपासायचे आहे. आधी पुस्तकांविषयी. राज्याच्या २०१७ सालच्या नववीच्या पुस्तकात 'उपयुक्त व उपद्रवी सूक्ष्मजीव' हा पाठ आहे, तर २०१८ सालच्या दहावीच्या दुसऱ्या भागात 'सूक्ष्मजीवशास्त्राची ओळख' हा. दोन्ही पाठांत चांगले बरेच आहे. नववीचा पाठ ताकाच्या थेंबापासून निघतो आणि शेंगवर्गीय रोपाच्या मुळांवरील गाठींपर्यंत जातो. दोन्ही गोष्टी मुलांच्या हाताला लागणाऱ्या आहेत. स्वयंपाकघर आणि शेत एकाच पाठात आणणाऱ्या लेखकांना आम्ही मनापासून दाद देतो. तक्रार आहे ती पुढच्या वाटेबद्दल. दोन्ही टोके हातात आल्यावर ती एकमेकांना बांधली जात नाहीत. मुलाच्या वहीत शेवटी उरते ते एक कोष्टक: डावीकडे सूक्ष्मजीवाचे लॅटिन नाव, उजवीकडे पदार्थ.

दहावीच्या पुस्तकातील किण्वित पेयांचे कोष्टक पाहा. त्यात कॉफी, कोको, वाईन आणि सिडार अशी चार पेये आहेत. कॉफीसमोर लॅक्टोबॅसिलस ब्रेविस, वाईनसमोर सॅकरोमायसिस सेरेव्हिसी. माहिती म्हणून त्यात वावगे काही नाही. पण उल्हासनगरच्या कॅम्पांत, अंबरनाथच्या चाळींत किंवा बदलापूरच्या भातशेतीत वाढणाऱ्या मुलाला या चार ओळींतून स्वतःच्या घरातले एकही भांडे ओळखता येत नाही. शिवाय परीक्षेत विचारले जाते ते नावच.

नावे बदलतात

आणि नावाचे काय होते? २०२० साली लॅक्टोबॅसिलस या अवाढव्य प्रजातीची जनुकीय अभ्यासाच्या आधारे फेरमांडणी झाली आणि तिचे २५ प्रजातींत विभाजन झाले. कॉफीसमोरचा लॅक्टोबॅसिलस ब्रेविस आता लेव्हिलॅक्टोबॅसिलस ब्रेविस आहे. भाज्यांच्या लोणच्यांत हमखास सापडणारा लॅक्टोबॅसिलस प्लांटारम हा लॅक्टिप्लांटिबॅसिलस प्लांटारम झाला. दह्यातला डेलब्रुकी मात्र जुन्याच घरात राहिला. पुस्तक २०१८ चे, त्यामुळे हा त्याचा दोष नव्हे. परंतु ज्या ज्ञानावर आपण गुण देतो त्यातला मोठा भाग दोन वर्षांत शिळा होऊ शकतो, हे शिक्षकाने लक्षात घ्यावे. बरणीत कोण आधी येते, कोण नंतर, आणि का, हे मात्र बदललेले नाही.

एक पदार्थ, एक जंतू?

कोष्टकाची दुसरी अडचण अधिक खोल आहे. 'पदार्थ एक, जंतू एक' असा समज ते करून देते. इडलीचे उदाहरण घेऊ. पीठ कशामुळे फुगते असे विचारले तर बहुतेक विद्यार्थी, आणि आम्हीही अनेक वर्षे, 'यीस्टमुळे' असे उत्तर देत आलो. पाव फुगतो तशी इडली फुगते, हे अनुमान सोपे आहे. पण १९६५ साली मुखर्जी, पेडरसन, स्टाईनक्राउस आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी इडलीच्या पिठाचा अभ्यास प्रसिद्ध केला. त्यात वायू निर्माण करण्याचे मुख्य काम ल्युकोनॉस्टॉक मेसेंटेरॉइड्स या जिवाणूचे असल्याचे दिसले. तो साखरेपासून आम्ल करतो आणि कर्बवायूही सोडतो, म्हणून आंबणे आणि फुगणे एकाच वेळी होते. त्याला पिठात कोणी मुद्दाम घालत नाही. तो उडदाच्या डाळीबरोबर येतो. पिठाची आम्लता वाढत गेली की जास्त आम्ल सोसणाऱ्या इतर जिवाणूंची पाळी येते.

त्या मुलीच्या गाजराचे उत्तरही इथेच आहे. सिंधी घरांत 'पाणीवारी खटाण' करतात. त्यात गाजर, सलगम किंवा कांदे, पाणी, मीठ, हळद आणि भरडलेली मोहरी असते. बरणी काही दिवस उन्हात ठेवतात. व्हिनेगार नाही, लिंबू नाही, विरजणही नाही. जंतू गाजराच्या सालीवर, मोहरीवर, आपल्या हातावर आणि भांड्यावर असतातच. त्यांत नासवणारेही असतात आणि आंबवणारेही. प्रश्न जंतू कोण घालते हा नाहीच. कोणाला वाढू दिले जाते, हा आहे. मीठ नासवणाऱ्या अनेक जिवाणूंना अडवते. लॅक्टिक आम्ल करणारे ते सहज सोसतात. गाजरे पाण्याखाली असली की हवा मिळत नाही आणि बुरशीची कोंडी होते. मोहरी पाण्यात भरडली की तिचा झणझणीत वास सुटतो. तो देणारे द्रव्य बुरशीला मारक आहे. उन्हाची ऊब काम वेगाने करवून घेते. आंबट झालेले पाणी मग स्वतःच राखणदार बनते, कारण इतक्या आम्लात रोगकारक जिवाणूंची वाढ थांबते.

ही पायरीपायरीची रचना वाचून काय आठवते? शेतकऱ्याला तर लगेच आठवेल. जमीन तयार करणे, तण काढणे, बी पेरणे, राखण करणे. मीठ ही खुरपणी आहे, विरजण हे बियाणे आहे, बरणी हा वाफा आहे. खटाण म्हणजे बी न पेरता, केवळ तण आवरून घेतलेले पीक. दही म्हणजे निवडक बी पेरून घेतलेले पीक. असे सांगितले की त्या मुलीचा प्रश्न वर्गातील सर्वांचा होतो.

दहावीच्या पुस्तकात या विचाराच्या अगदी उंबरठ्यापर्यंत नेणारा एक भाग आहे. योगर्टसाठी स्ट्रेप्टोकोकस थर्मोफिलस आणि लॅक्टोबॅसिलस डेलब्रुकी हे दोन जिवाणू समप्रमाणात घालतात, एक आम्ल करून दूध घट्ट करतो, दुसरा स्वाद देतो, असे तेथे म्हटले आहे. आणखी दोन वाक्ये हवी होती. लॅक्टोबॅसिलस दुधातील प्रथिने तोडतो आणि त्यांतून सुटणारी अमिनो आम्ले स्ट्रेप्टोकोकसच्या उपयोगी पडतात. उलट स्ट्रेप्टोकोकस फॉर्मिक आम्ल आणि कर्बवायू देतो आणि त्यावर लॅक्टोबॅसिलस जोमाने वाढतो. म्हणून दोघे मिळून दूध जितक्या लवकर विरजतात तितक्या लवकर एकेकटा विरजत नाही. ज्वारीत तूर घेणाऱ्या शेतकऱ्याच्या मुलाला हे समजावून सांगावे लागत नाही.

बदलापूरचा चिखल

आता बरणीकडून शेताकडे येऊ. बदलापूर आणि कर्जतच्या बाजूला ऑगस्टमध्ये भाताच्या खाचरात पाय घातला की बुडबुडे वर येतात. त्यांत मिथेन आणि कर्बवायू असतो. पाण्याखालचा चिखल म्हणजे हवा बंद केलेली एक प्रचंड बरणीच. हातभर चिखल काढून उभा कापला तर वरचा पातळ थर तपकिरी आणि खालचा निळसर राखाडी दिसतो. वर पाण्यातून थोडा प्राणवायू पोचतो, खाली पोचत नाही. रोप उपटून पाहिले तर मुळांभोवती तांबूस लेप दिसतो. भाताची रोपे आपल्या खोडातील पोकळ पेशीजालातून मुळांपर्यंत हवा नेतात आणि तेथे लोहाचा गंज चढतो. इतका देखणा प्रयोग निसर्गाने फुकट मांडला असताना भाताचे पीक आपल्या पाठांत बहुधा 'खरीप पिके' या यादीत एका शब्दापुरते येते.

या दोन थरांमुळेच भातातले खत वाया जाते. पाण्यावर फेकलेल्या युरियाचा काही भाग अमोनिया होऊन उडतो. काही भागाचे वरच्या हवेशीर थरातील जिवाणू नायट्रेट करतात. ते नायट्रेट खाली झिरपले की प्राणवायूविना राहणारे दुसरे जिवाणू त्यातला प्राणवायू वापरतात आणि नत्र हवेत सोडून देतात. शेतकऱ्याचा पैसा बुडबुड्यांतून जातो. यावर महाराष्ट्रात काढलेला एक तोडगा म्हणजे डॉ. ना. के. सावंत यांची चारसूत्री भात लागवड. तिच्यात भाताच्या तुसाची राख रोपवाटिकेत वापरतात, गिरिपुष्पाचा पाला चिखलात गाडतात, ठरावीक अंतरावर लावणी करतात आणि दर चार चुडांच्या मधोमध युरिया-डीएपीची गोळी ७ ते १० सेंटिमीटर खोल खोचतात. गोळी खोल का? कारण तेथे प्राणवायू नाही, त्यामुळे अमोनियाचे नायट्रेट होत नाही आणि नत्र मुळांजवळ थांबते. गाजर पाण्याखाली दाबून ठेवण्यामागचे तत्त्व आणि गोळी चिखलात दाबण्यामागचे तत्त्व एकच आहे. हवा कोणाला द्यायची हे ठरवले की कोणता जंतू काम करील हे बरेचसे ठरते.

राबाची गोष्ट याहून जुनी. रोपे करण्याच्या जागेवर शेण, टहाळ, गवत यांचे थर देऊन, वर माती पसरून उन्हाळ्यात ते मंद जाळायचे, ही कोकणपट्टीची पद्धत. इंग्रजी अमदानीत वनखात्याला राब म्हणजे झाडांची नासाडी वाटे. १८८५ साली नेमलेल्या मुंबई वन आयोगापुढे ठाणे आणि कुलाबा जिल्ह्यांतील राब हा मोठ्या वादाचा विषय होता. शेतकरी म्हणत, राब नसेल तर रोप होत नाही. अधिकारी म्हणत, ही अडाणी सवय आहे. पुढे १९१२ साली पुण्याच्या कृषी महाविद्यालयाचे प्राचार्य हॅरल्ड मॅन यांनी जोशी आणि कानिटकर यांच्यासह राबाचा शास्त्रीय अभ्यास प्रसिद्ध केला. त्यात मातीला बसणाऱ्या धगीचा प्रश्नही होता. त्याच सुमारास इंग्लंडात रॉथमस्टेड येथे रसेल आणि हचिन्सन यांनी दाखवले होते की माती मर्यादित तापवली तर तिच्यातील अमोनिया वाढतो. त्यांचे स्पष्टीकरण असे होते की जिवाणूंना खाणारे आदिजीव मरतात. ते पुढे टिकले नाही. उष्णतेने मेलेल्या सूक्ष्मजीवांची शरीरे वाचलेले जिवाणू कुजवतात आणि त्यांतील नत्र मोकळे होते, असे आज आपण समजतो. तणांचे बीही जळते. म्हणजे राब हीसुद्धा खुरपणीच, डोळ्यांना न दिसणाऱ्या तणांची. तिची किंमत मात्र खरी आहे: धूर, तोडलेले टहाळ आणि जळून गेलेले शेण. पद्धत शहाणपणाची होती म्हणून ती कायम चालू ठेवावी असे होत नाही, आणि आज ती सोडावी म्हणून ती अडाणी होती असेही होत नाही. हा विवेक शिकवण्यासाठी याहून चांगला धडा आम्हाला माहीत नाही.

'उपयुक्त' कोणासाठी?

'उपयुक्त' आणि 'उपद्रवी' या विभागणीबद्दल आमचा तिसरा आक्षेप आहे. इडली फुगवणारा ल्युकोनॉस्टॉक साखर कारखान्यात उसाच्या रसात शिरला की साखरेपासून डेक्स्ट्रान नावाचा बुळबुळीत पदार्थ करतो, रस चिकट होतो आणि साखरेचा उतारा घटतो. घरात पाहुणा, कारखान्यात चोर. नत्र हवेत सोडणारे जिवाणू खाचरात नुकसान करतात. सांडपाणी शुद्धीकरण केंद्रात मात्र त्याच कामासाठी त्यांना मुद्दाम पोसले जाते. वालधुनीच्या काठी राहणाऱ्या मुलांना ते केंद्र किती गरजेचे आहे हे सांगायला नको. जंतूच्या कपाळावर 'चांगला' किंवा 'वाईट' असे लिहिलेले नसते. जागा, वेळ आणि आपला हेतू यांवर ते ठरते. पाठाचे शीर्षकच मुलांना याच्या उलट सांगते.

पोकळी दुसरे भरतात

हा वाद केवळ शिकवण्याच्या पद्धतीचा असता तर आम्ही इतके लिहिले नसते. पाठ जेथे थांबतो तेथून पुढे पत्रके आणि ध्वनिचित्रफिती बोलू लागतात. जीवामृत हे उदाहरण घ्या. १० किलो शेण, ५ ते १० लिटर गोमूत्र, २ किलो गूळ, २ किलो बेसन, मूठभर माती आणि २०० लिटर पाणी दोन दिवस आंबवायचे आणि एकरभर शेताला द्यायचे. हे शेतावरचे किण्वनच आहे, त्यामुळे विज्ञानाच्या तासाला ते हक्काने यायला हवे. 'एका ग्रॅम शेणात कोट्यवधी जिवाणू, म्हणून खताची गरज नाही' असे वाक्य मुले ऐकून येतात. त्यावर टाळ्या वाजवणे सोपे आणि हसणेही सोपे. शिक्षकाने गणित मांडावे.

१० किलो ताज्या शेणात सुमारे ३० ते ५० ग्रॅम नत्र असते. १० लिटर गोमूत्रात सुमारे १०० ग्रॅम. २ किलो बेसनातील प्रथिनांत सुमारे ७० ग्रॅम. बेरीज पाव किलोच्या आत. एक टन भात पिकवायला पीक सुमारे १५ ते २० किलो नत्र उचलते. हंगामात चार वेळा जीवामृत दिले तरी त्यातून एक किलोही नत्र येत नाही. जिवाणूंची संख्या कितीही मोठी असो, जे भांड्यात नाही ते त्यांना देता येत नाही.

समर्थक म्हणतील, हे खत नव्हे, मातीतील जिवाणूंना जागे करणारे विरजण आहे. मुद्दा विचार करण्याजोगा आहे. मग पुढचा प्रश्न विचारावा: जागे झालेले जिवाणू नत्र आणतात कोठून? हवेतून आणत असतील तर ते मोजता येते. भाताच्या खाचरातील निळे-हिरवे शेवाळ हवेतील नत्र बांधते, हे पी. के. डे यांनी १९३९ साली दाखवले. अशा शेवाळापासून हेक्टरी हंगामाला २० ते ३० किलो नत्र मिळू शकते, म्हणजे एकरी ८ ते १२ किलो. ही खरी आणि लक्षणीय मदत आहे. पण जिवाणू मातीतील जुनाच सेंद्रिय साठा भराभर कुजवून नत्र देत असतील तर ती बचत मोडून केलेली चैन ठरेल. यातले काय घडते हे ठरवायला शेजारी शेजारी दोन वाफे लागतात, एक जीवामृताचा आणि एक फक्त पाण्याचा, आणि निदान तीन-चार वर्षांचा धीर लागतो. हा विचार नववीतल्या मुलाला झेपतो. फक्त त्याला 'जंतू म्हणजे यादी' अशी सवय लागलेली नसावी.

वर्गात काय करावे

वेळ कोठून आणायचा, हा प्रश्न कोणीही शिक्षक विचारील आणि तो रास्त आहे. आमची सूचना नवा पाठ घालण्याची नाही. शेती आणि किण्वन सलग तासांना घ्या, इतकेच. चार बरण्या घ्या. पहिलीत गाजर आणि साधे पाणी. दुसरीत गाजर व पाणी यांच्या एकूण वजनाच्या २ टक्के मीठ. तिसरीत १० टक्के मीठ. चौथीत दुसरीइतकेच मीठ, पण गाजर व पाणी उकळून, उकळलेल्या बरणीत झाकून. झाकणे सैल ठेवा, नाहीतर वायूने बरणी फुटेल. रोज वास, रंग, बुडबुडे आणि पीएच कागदाचा रंग वहीत नोंदवा. प्रयोगातले काहीही चाखू नये, आणि बुरशी आलेली बरणी न उघडता टाकून द्यावी. आठवड्यात मुलांना मीठ, हवा आणि उष्णता यांचे काम दिसेल. चौथी बरणी त्या मुलीच्या प्रश्नाचे अर्धे उत्तर देईल. उरलेले अर्धे, म्हणजे चौथीतही काही दिवसांनी काही उगवलेच तर ते कोठून आले, हे मुलांनाच शोधू द्यावे.

याबरोबर एक सावधगिरी. आंबट ते सारे आंबवलेले, असा नवा गैरसमज रुजू देऊ नये. सिंधी कढीचा आंबटपणा चिंचेचा आहे. आपले कैरीचे लोणचे टिकते ते बरेचसे भरपूर मीठ आणि कैरीचे स्वतःचे आम्ल यांमुळे. श्रावणात सिंधी घरांत थदडीला आणि मराठी घरांत शिळासप्तमीला आदल्या दिवशीचे अन्न खातात. तेथे गोड लोला टिकतो तो तूप, साखर आणि कमी पाणी यांमुळे. प्रत्येक पदार्थापाशी 'हा का टिकला?' असे विचारले की कारणे वेगवेगळी निघतात.

परीक्षेतही थोडा बदल करता येईल. 'इडलीच्या पिठातील सूक्ष्मजीवाचे नाव लिहा' याऐवजी 'थंडीत इडलीचे पीठ उशिरा का फुगते, आणि मीठ दुप्पट घातले तर काय होईल?' असे विचारून पाहावे. 'नायट्रीकरण म्हणजे काय?' याऐवजी 'युरियाची गोळी चिखलात खोल का खोचतात?' असे. उत्तरे तपासायला दोन मिनिटे अधिक लागतील. मात्र ती पाठ करून लिहिता येणार नाहीत.

बदलापूरकडे दर पावसाळ्यात काही खाचरांच्या जागी इमारतींची जोती दिसू लागतात. तांबूस मुळे आणि निळसर चिखल पाहायला मुलांना चालत नेता येईल अशी शेते आज तरी तेथे आहेत. येत्या ऑगस्टमध्ये, लावणीनंतर महिन्याभराने, शेतकऱ्याची परवानगी घेऊन एक तास तेथे काढावा. ज्यांच्या घरी खटाण होते, आंबोळी होते किंवा आंबील होते त्या मुलांनी आईला किंवा आजीला विचारून कृती लिहून आणावी आणि प्रत्येक पायरीसमोर 'येथे कोणाला अडवले, कोणाला वाढू दिले' असा रकाना भरावा. कोष्टकच हवे असेल तर ते असे करू या.